एकदल-द्विदल मिश्र चारा आणि युरिया: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओट-बरसीम, मका-चवळी, नेपियर-दशरथ घास अशा जोड्या लावणारे दूध उत्पादक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. मात्रा एकरी दिल्या आहेत आणि जमीन मध्यम ते भारी, ओलिताची धरली आहे. तुमच्याकडे माती परीक्षणाचा अहवाल असेल तर आधी तो पाहा आणि मग इथले आकडे.

१. मका एका वावरात आणि लसूणघास दुसऱ्या वावरात आहे. गोठ्यात दोन्हींची कुट्टी एकत्र करतो. हा मिश्र चाराच झाला ना?

जनावराच्या दृष्टीने झाला. एकदल गवतवर्गीय चारा वजन आणि ऊर्जा देतो, द्विदल प्रथिने आणि कॅल्शियम देतो. कोरड्या वजनावर मका, ओट, नेपियर यांत प्रथिने साधारण ८ ते १० टक्के असतात. बरसीम, लसूणघास, चवळी यांत १६ ते २० टक्के, चांगल्या लसूणघासात त्याहून थोडी जास्तच. दोन्ही एकत्र मिळाले की पेंडीवरचा खर्च हलका होतो.

शेताच्या दृष्टीने मात्र मिश्र लागवड वेगळी. एकाच वावरात दोन्ही वाढले की उजेड, पाणी आणि जमिनीतले नत्र यांची वाटणी सुरू होते. त्यामुळे युरियाचा हिशेब पूर्ण बदलतो, आणि या पानावरचे बहुतेक प्रश्न त्याच हिशेबाचे आहेत. लसूणघास तीन-चार वर्षे ठेवायचा असेल तर तो वेगळ्या वाफ्यात लावणे मी पसंत करेन. त्याला शेजारी गवताची सावली मानवत नाही.

२. कोणाची जोडी कोणाशी लावायची?

रब्बीत ओट आणि बरसीम. ओटाचा फुले हरिता किंवा केंट, बरसीमचा वरदान किंवा मस्कावी हे वाण चालतात. पेरणी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत. एकरी बरसीम १० किलो आणि ओट १२ ते १५ किलो पुरते. बरसीमची पहिली कापणी उत्पन्नाला कमी असते, ती तूट ओट भरून काढतो. जोडी लावण्याचे खरे कारण हेच.

खरिपात आणि पाण्याची सोय असेल तर उन्हाळ्यातही मका आणि चवळी. आफ्रिकन टॉल मका २० किलो, श्वेता किंवा ईसी-४२१६ चवळी ८ ते १० किलो. मक्याच्या दोन ओळींनंतर चवळीची एक ओळ.

बहुवार्षिक हवी असेल तर संकरित नेपियर आणि दशरथ घास (नावात घास असला तरी हे द्विदल). नेपियरच्या तीन ओळींना दशरथची एक ओळ ही मांडणी चांगली बसते. फुले जयवंत, फुले गुणवंत, को-४, बीएनएच-१०, डीएचएन-६ यांपैकी जे बेणे जवळ आणि खात्रीचे मिळेल ते घ्या. जिरायती रानासाठी प्रश्न १८ पाहा.

३. आयर्लंड, न्यूझीलंडमध्ये रायग्रासबरोबर पांढरा क्लोव्हर लावतात. तो आपल्याकडे येईल का?

दख्खनच्या पठारावर नाही. पांढरा क्लोव्हर थंड, ओलसर हवेचा. आपल्या देशात तो हिमाचल, काश्मीर आणि निलगिरीच्या उंचीवर दिसतो. आपल्या एप्रिलच्या उन्हात तो टिकत नाही. बरसीम हा त्याचाच नातेवाईक, इजिप्तचा क्लोव्हर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो इजिप्तहून सिंधमध्ये आला आणि तिथून उत्तर भारतात पसरला. तो एकाच हंगामाचा, आणि मार्च-एप्रिलमध्ये ऊन चढले की संपतो. त्या देशांतल्या युरियाच्या मात्रा जशाच्या तशा उचलू नका, कारण तिथले कुरण वर्षानुवर्षे चरले जाते आणि जनावरांच्या शेणमूत्रातून पुष्कळ नत्र जागेवरच परत पडते. आपण चारा कापून गोठ्यात नेतो.

४. द्विदल पीक हवेतलं नत्र स्वतः घेतं. मग युरिया द्यायचाच कशाला?

दोन कारणांनी. पहिले, हवेतले नत्र बांधतात ते मुळांवरच्या गाठींतले जिवाणू, आणि या गाठी कामाला लागायला उगवणीनंतर तीन-चार आठवडे जातात. तोवर रोपाला जमिनीतले नत्रच लागते. म्हणून पेरणीच्या वेळी एकरी ८ ते ९ किलो नत्राची शिफारस असते.

दुसरे कारण अनेकांच्या लक्षात येत नाही. द्विदलाने बांधलेले नत्र शेजारच्या गवताला त्याच हंगामात फारच थोडे मिळते. ते प्रामुख्याने मुळे आणि गाठी कुजल्यावर मोकळे होते, आणि कुजायला वेळ लागतो. बहुवार्षिक मिश्रणात दुसऱ्या वर्षापासून त्याचा फायदा दिसतो. सत्तर दिवसांत कापायच्या मक्याला चवळी जेवू घालेल ही अपेक्षा चुकीची आहे. चवळी तिचे स्वतःचे भागवते आणि जमिनीतले नत्र मक्यासाठी मोकळे सोडते, एवढा फायदा नक्की.

५. मग भरपूर युरिया टाकला तर दोघंही जोमाने वाढतील ना?

गवत वाढेल, द्विदल मागे पडेल. सर्वांत जास्त नुकसान याच समजुतीने होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

हवेतले नत्र बांधणे रोपाला महाग पडते. गाठींतल्या जिवाणूंना रोज साखर पुरवावी लागते. जमिनीत तयार नायट्रेट मिळू लागले की द्विदल रोप तो खर्च थांबवते. नव्या गाठी कमी धरतात, जुन्या निकामी होतात. म्हणजे हवेतून जे फुकट मिळणार होते ते तुम्ही गोणीतून विकत आणून दिले.

त्याच वेळी गवताला युरिया लगेच लागू पडतो. त्याची मुळे तंतुमय आणि वरच्या थरात दाट, त्यामुळे टाकलेल्या नत्राचा मोठा वाटा तेच उचलते. आठ-दहा दिवसांत ओट किंवा नेपियर उंच होऊन बरसीमवर, दशरथवर सावली धरते. सावलीतले द्विदल बारीक आणि लांबट होते, फुटवे कमी देते, आणि पुढच्या कापणीनंतर उभेच राहत नाही. दोन-तीन कापण्यांत वावरात नुसते गवत उरते. वजन भरपूर दिसते म्हणून शेतकरी खूश असतो, आणि पेंड मात्र पूर्वीइतकीच लागते.

म्हणून मिश्र चाऱ्यात युरियाचा निर्णय हा चाऱ्यात द्विदल किती ठेवायचे याचाच निर्णय असतो. आधी ते प्रमाण ठरवा. कोरड्या वजनात द्विदल ३० ते ५० टक्के असेल तर मिश्रण उत्तम चालते. युरियाची गोणी उघडायची की नाही ते त्यावरून ठरवा.

६. ठीक आहे, पण एकरी नेमका किती युरिया?

आधी गोणीचा हिशेब. युरियात ४६ टक्के नत्र. गोणी आता ४५ किलोची आहे, म्हणजे एका गोणीत साधारण २१ किलो नत्र. ५० किलोच्या डीएपीत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद.

ओट-बरसीम: पेरणीला डीएपीची एक गोणी आणि सिंगल सुपर फॉस्फेटची एक गोणी. यात सुरुवातीचे ९ किलो नत्र आले, त्यामुळे पेरणीला वेगळा युरिया नको. बरेच जण डीएपी देऊन वर युरियाही टाकतात, ते टाळा. पहिल्या कापणीनंतर बरसीम एक तृतीयांशाहून जास्त दिसत असेल तर युरिया देऊ नका. ओट फिकट असेल आणि बरसीम दमदार असेल तर अर्धी गोणी चालेल. दुसऱ्या कापणीनंतर ओट तसाही संपत येतो आणि पुढे नुसता बरसीम राहतो. त्याला युरिया नको.

मका-चवळी: पेरणीला डीएपीची एक गोणी, साधारण तिसाव्या दिवशी युरियाची एक गोणी, फक्त मक्याच्या ओळीलगत. एकूण ३० किलो नत्र होते. नुसत्या चारा मक्याला आपण ४० किलो देतो.

नेपियर-दशरथ: दर कापणीनंतर अर्धी गोणी, फक्त नेपियरच्या ओळींत. वर्षाला सहा ते आठ कापण्या धरल्या तर तीन-चार गोण्या लागतात. वाढ चांगली असूनही दशरथ दबत असेल तर एक-दोन कापण्यांना युरिया सोडून द्या.

७. द्विदल ३० टक्के आहे की १० टक्के, हे कळायचं कसं?

नुसत्या नजरेवर जाऊ नका. बरसीमची पाने रुंद आणि आडवी पसरलेली असतात, त्यामुळे वरून पाहिले की ते आहे त्यापेक्षा जास्त वाटते. कापणीच्या दिवशी वावरातल्या तीन-चार ठिकाणी एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद चौकोन आखून कापा, दोन्ही चारे निवडून वेगळे करा आणि तोला. ओळीत लावलेल्या मिश्रणात चौकोनात दोन्ही पिकांच्या ओळी लागवडीच्याच प्रमाणात येतील असे पाहा. हिरव्या वजनावर बरसीममध्ये पाणी ओटापेक्षा सहसा जास्त असते, म्हणून हिरवे वजन ४० टक्के भरले तर कोरडे ३० ते ३५ धरा. अर्ध्या तासाचे काम आहे, आणि एका गोणीचा निर्णय त्यावर ठरतो.

८. गाठी आहेत, पण आतून पांढऱ्या. चालेल का?

नाही. काम करणारी गाठ कापली की आतून गुलाबी किंवा लालसर दिसते. पांढरी गाठ एक तर कोवळी असते किंवा निकामी. हिरवट किंवा तपकिरी असेल तर जुनी झाली. रोप उपटू नका, गाठी मातीतच तुटून राहतात. खुरप्याने मातीसकट उचला, पाण्यात सोडा आणि मग पाहा. महिन्याच्या पिकात बहुतेक गाठी पांढऱ्या असतील तर तीन शक्यता तपासा: जिवाणू चुकीचे होते (प्रश्न ९), नत्र जास्त झाले (प्रश्न ५), किंवा वाफ्यात पाणी साचून मुळांना हवा मिळाली नाही. हलक्या आम्लधर्मी जमिनीत मॉलिब्डेनमची कमतरताही असू शकते, कारण नत्र बांधणाऱ्या विकरात (एन्झाइममध्ये) ते लागते.

९. चवळीच्या जिवाणू संवर्धकाचं पाकीट उरलंय. बरसीमला लावू?

नका लावू. चवळीचे, लसूणघासाचे आणि बरसीमचे जिवाणू तीन वेगवेगळे आहेत, एकाचे दुसऱ्याला लागू पडत नाहीत. ज्या वावरात बरसीम पहिल्यांदाच घेताय तिथे तर हे फार महत्त्वाचे, कारण त्या मातीत बरसीमचे जिवाणू मुळात नसतात. पाकिटावर पिकाचे नाव आणि मुदत वाचून घ्या. गुळाचे पाणी थंड करून त्यात संवर्धक कालवा, बियाण्यावर हलक्या हाताने चोळा, सावलीत सुकवा आणि लगेच पेरा. बरसीम आधी चांगले घेतलेल्या वावरातली वरची माती नव्या वावरात पसरणे हा जुना उपाय आहे आणि तोही उपयोगी पडतो.

१०. बरसीमबरोबर निळ्या फुलांचं तण येतं. आणि दशरथचं बी उगवतच नाही. काय करू?

ते निळ्या फुलांचे तण कासनी, ते बियाण्यातूनच येते. पेरणीआधी बरसीमचे बी मिठाच्या १० टक्के पाण्यात टाका, म्हणजे १० लिटरला एक किलो मीठ. कासनीचे हलके बी तरंगते, ते काढून टाका. खाली बसलेले बी साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवा, नाहीतर मीठ जिवाणूंना मारते.

दशरथच्या बियांचे कवच कठीण असते. पाणी उकळून चार-पाच मिनिटे निवू द्या, साधारण ८० अंशांच्या त्या पाण्यात बी तीन-चार मिनिटे ठेवा, मग थंड पाण्यात रात्रभर भिजवा. लसूणघासाच्या बियाण्यात अमरवेल नाही ना हे बघूनच घ्या. ती एकदा वावरात शिरली की तेवढा भाग कापून जाळण्याशिवाय इलाज उरत नाही.

११. युरिया कधी आणि कसा टाकावा?

कापणीनंतर चार-पाच दिवसांनी, फूट दिसू लागली की. पाने कोरडी असताना टाका, दवात टाकलात तर पाने करपतात. टाकल्यावर त्याच दिवशी हलके पाणी द्या. निंबोळी-लेपित असला तरी ओल्या, तापलेल्या जमिनीवर युरिया उघडा राहिला की अमोनिया होऊन उडतो. चुनखडीच्या जमिनीत आणखी लवकर. ओळीत लावलेल्या जोडीत गवताच्या ओळीलगत चर पाडून मातीआड करा, म्हणजे द्विदलापर्यंत कमी पोचतो. फेकून पेरलेल्या ओट-बरसीममध्ये अशी निवड करता येत नाही, म्हणून तिथे मात्रेवरच हात आखडता ठेवावा लागतो.

१२. आम्ही शेणखत आणि गोबरगॅसची स्लरी देतो. युरिया कमी करायचा का?

हो. चांगल्या कुजलेल्या शेणखतात अर्धा टक्का नत्र धरा. चार टन दिले तर २० किलो झाले. ते सगळे पहिल्याच हंगामात मिळत नाही, बराचसा भाग हळूहळू सुटतो, पण द्विदलाला अडथळा न होण्यासाठी हा वेग चांगलाच आहे. स्लरीतले नत्र मात्र लवकर लागू होते. पाटपाण्यातून दर पाळीला गोठ्याची स्लरी आणि गोमूत्र सोडणाऱ्यांच्या वावरात युरियाची एक गोणीही न देता बरसीम दबलेला दिसतो, त्याचे कारण हेच.

१३. नॅनो युरियाची फवारणी केली तर द्विदल दबणार नाही ना?

दबणार नाही, कारण त्यात नत्र फारच थोडे असते. अर्ध्या लिटरच्या बाटलीत २० टक्के नत्र धरले तरी १०० ग्रॅम भरते. गवताची भूक एकरी १० किलोची आहे. पानावरची फवारणी जमिनीतून द्यायच्या नत्राची जागा घेईल असे मला वाटत नाही.

१४. पाने पिवळी पडली, युरिया टाकला, तरी पिवळीच. असं का?

पिवळेपणा कुठून सुरू झाला ते पाहा. खालची जुनी पाने आधी पिवळी होत असतील तर नत्र कमी. शेंड्याची नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर बहुधा लोह कमी. चुनखडीच्या जमिनीत हे नेहमीचे आहे, आणि तिथे युरियाने काहीच होत नाही. फेरस सल्फेटची अर्धा टक्का फवारणी करून बघा. वाफ्यात पाणी साचले असेल तर आधी निचरा करा.

१५. मिश्र पिकात तणनाशक कोणतं?

इथे फार सांभाळा. मक्यात सर्रास वापरले जाणारे अॅट्राझीन चवळीला मारते. ओटात वापरायचे २,४-डी बरसीमला मारते. शेजारच्या उसातून उडून आलेले २,४-डीसुद्धा पुरेसे असते. मका-चवळीत पेरणीनंतर, उगवणीआधी पेंडीमिथॅलिन वापरतात. मात्रा डब्यावरची पाळा आणि कृषी सहायकांना विचारून घ्या. ओट-बरसीमला वेळेवर पहिली कापणी हाच चांगला उपाय, बरीच तणे कापणीनंतर परत उठत नाहीत.

१६. बरसीमने गाय फुगते. मिश्रणात हा धोका राहत नाही ना?

कमी होतो, संपत नाही. गवत निम्म्याहून जास्त असेल तर धोका बराच उतरतो. तरी कोवळा, दव पडलेला बरसीम उपाशी जनावरासमोर कधी टाकू नका. आधी कडबा किंवा कोरडी वैरण द्या, हिरवा चारा कापून तीन-चार तास सुकू द्या, आणि कुट्टीत गवत नीट मिसळा. नाहीतर गाय पाने वेचून खाते. डावी भकाळी वर येऊन ताणली, गाय पाय आपटू लागली, श्वास जड झाला की पशुवैद्यकांना लगेच बोलवा. तोवर तिला उभी ठेवा, पुढचे पाय उंचावर राहतील असे. आडव्या पडलेल्या जनावराला तेल पाजू नका, ते फुफ्फुसात जाते.

१७. युरिया टाकल्यावर किती दिवसांनी चारा कापावा? आणि ज्वारी-चवळीचं काय?

किमान तीन आठवडे जाऊ द्या. गवतात, विशेषतः मका, ज्वारी, ओट, बाजरी आणि नेपियरमध्ये, नायट्रेट साठते. ते बुंध्याच्या खालच्या भागात सर्वांत जास्त असते. जास्त युरिया, नंतर पाण्याचा ताण किंवा सलग ढगाळ दिवस, आणि मग पाऊस पडून आलेली लुसलुशीत फूट असा योग आला की सावध व्हा. कोरड्या वजनात नायट्रेट एक टक्क्यावर गेले की चारा धोक्याचा. बाधा झालेल्या जनावराचे रक्त चॉकलेटी दिसते, धाप लागते, जनावर कोसळते. डॉक्टरांकडे मिथिलीन ब्लू असते, वेळेत दिले तर जनावर वाचते. अशा चाऱ्याची कापणी वितभर उंचावरून करा आणि एकटा न देता इतर वैरणीत मिसळून द्या.

कोवळ्या ज्वारीत याशिवाय हायड्रोसायनिक आम्लाचे विष असते, आणि जास्त नत्राने तेही वाढते. ज्वारी फुलोऱ्यात आल्याशिवाय, किंवा ताण बसलेली असताना, चारू नका. दोन्ही विषांत एक फरक लक्षात ठेवा: ज्वारीचे विष वाळवल्यावर बरेच उतरते, नायट्रेट वाळवल्याने जात नाही. मुरघासात नायट्रेट काही प्रमाणात कमी होते, तेही मुरघास नीट मुरल्यावरच.

मुरघास करायचाच असेल तर मक्याचे प्रमाण निम्म्याहून बरेच जास्त ठेवा. चवळीत, बरसीममध्ये साखर कमी असते आणि त्या आंबण्याला विरोध करतात. एकट्या बरसीमचा मुरघास सडण्याची भीती असते. मका चिकात असताना कापा, ओल ६५ ते ७० टक्के असू द्या.

१८. जिरायती रान, गायरान किंवा बांधावर काय लावावं? तिथे युरिया द्यायचा का?

अंजन, मारवेल, पवना ही गवते आणि सोबत द्विदल म्हणून स्टायलो. फुले मारवेल ०६-४० चांगले वाण आहे. स्टायलोचेही बी कठीण असते, दशरथसारखीच गरम पाण्याची प्रक्रिया करा (प्रश्न १०). पहिल्या वर्षी युरिया अजिबात नको. स्टायलो सुरुवातीला सावकाश वाढतो आणि गवताने उसळी घेतली की तो हरवतो. सिंगल सुपर फॉस्फेट मात्र जरूर द्या. पाऊस भरवशाचा असेल आणि स्टायलो स्थिरावला असेल तर दुसऱ्या वर्षापासून जुलैत एकरी अर्धी गोणी, तीही ओल असतानाच. कोकणातल्या जांभ्या जमिनीत बरसीमचा हट्ट धरू नका, तिथे स्टायलो बरा.

१९. मिश्र चाऱ्यानंतर घेतलेल्या पिकाला युरिया कमी लागतो का?

लागतो, पण किती कमी हे द्विदलाच्या प्रमाणावर आणि मुळे-धसकटे जमिनीत गेली का यावर ठरते. वरचा सगळा चारा आपण उचलून नेतो, त्यामुळे बांधलेले बरेच नत्र वावराबाहेर जाते. गोठ्यातले शेण-मूत्र परत त्याच वावरात आले तर ते चक्र पूर्ण होते. दाट बरसीम मोडून मका घेताना पहिला हप्ता मी निम्मा करेन आणि मक्याचा रंग पाहून दुसरा ठरवेन.

२०. द्विदल १० टक्क्यांच्या खाली गेलं. आता?

मग ते गवताचे पीक समजा आणि गवताची पूर्ण मात्रा द्या. अर्धवट युरिया देऊन न उरलेल्या द्विदलाची वाट पाहण्यात चारा आणि हंगाम दोन्ही जातात. नेपियरमध्ये मात्र एक संधी असते. पावसाळ्याच्या तोंडाला दशरथच्या ओळीत जिथे जागा रिकामी झाली तिथे पिशवीतली दीड-दोन महिन्यांची रोपे लावा, शेजारच्या नेपियरच्या ओळी एकदा लवकर आणि खाली कापून घ्या, आणि पुढच्या दोन कापण्यांना तिथे युरिया देऊ नका. रोपे गुडघ्याएवढी होईपर्यंत त्या ओळीत खुरपणी चुकवू नका.